‘सस्पेंड’ : एका शब्दाचा अभ्यास

घाटकोपर-मुलुंडकडील आमच्या समाजात महापालिका, बेस्ट आणि रेल्वेतील नोकरदार पुष्कळ. त्यामुळे ‘सस्पेंड’ हा इंग्रजी शब्द मुलांच्या कानी पुस्तकाआधी घरातच पडतो, आणि तो नोकरी गेल्याच्याच अर्थाने. वास्तविक त्याच्या मुळाशी असलेल्या लॅटिन धातूचा अर्थ ‘टांगणे’ असा आहे. मराठीतील ‘निलंबन’ हा शब्दही ‘लम्ब्’, म्हणजे लोंबणे, या संस्कृत धातूवरूनच आला. निलंबित कर्मचाऱ्याचे नोकरीशी नाते कायम असते. चौकशी संपेपर्यंत काम तेवढे काढून घेतलेले असते, आणि निर्वाहभत्ता हा त्याचा हक्क असतो. ‘डिसमिस’ म्हणजे बडतर्फी. तेथे नाते संपते. उत्तरपत्रिकेत हे दोन शब्द एकमेकांच्या जागी लिहिल्यास गुण जातात. अर्जात लिहिल्यास त्याहून बरेच काही जाते.

मात्र टांगणे हे तोडण्याहून नेहमीच सौम्य असते असे नाही. 5 जुलै 2021 रोजी महाराष्ट्र विधानसभेने बारा आमदारांना एक वर्षासाठी निलंबित केले. 28 जानेवारी 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या अधिवेशनापलीकडील निलंबन घटनाबाह्य ठरविले. हकालपट्टी झाली तर जागा रिकामी होऊन पोटनिवडणूक तरी होते. वर्षभराच्या निलंबनात मतदार प्रतिनिधीविना राहतात, म्हणून हे हकालपट्टीहूनही वाईट, असे न्यायालयाचे म्हणणे होते.

न्यायालयात शिक्षाही सस्पेंड होते. 11 जुलै 1997 रोजी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात पोलीस गोळीबारात दहा जणांचे प्राण गेले. 2009 साली सत्र न्यायालयाने राज्य राखीव पोलीस दलाच्या मनोहर कदम यास जन्मठेप दिली. नंतर उच्च न्यायालयाने शिक्षा स्थगित करून जामीन दिला. दोष तसाच उभा, केवळ अंमलबजावणी थांबलेली, हा कायद्याचा अर्थ आम्ही वर्गात सांगतो. ज्यांच्या घरचे माणूस त्या दिवशी गेले त्यांना हाच अर्थ सांगण्याचे धाडस आम्हाला होत नाही.

भगवान बुद्धांच्या संघात हा भेद स्पष्ट होता. भिक्खूने चारपैकी एखादा पाराजिक अपराध केला तर संघातील त्याचे स्थान कायमचे संपे. आपला दोष मान्य न करणाऱ्या भिक्खूवर मात्र ‘उक्खेपनीय कम्म’ होई, म्हणजे तो तात्पुरता सहवासाबाहेर राही. कोसंबीत एका भिक्खूवर असे कर्म झाले आणि संघात दोन तट पडले. भगवंतांनी समजावूनही कोणी ऐकेना, तेव्हा ते कोसंबी सोडून एकटेच पारिलेय्यकाच्या वनात राहिले. मग कोसंबीच्या उपासकांनी भांडणाऱ्या सर्वच भिक्खूंना अभिवादन आणि भिक्षा देणे थांबविले. तेव्हा कोठे डोळे उघडले. दूर केलेल्या भिक्खूने आपला दोष स्वतः ओळखून मान्य केला आणि संघाने त्याला परत घेतले. या परत घेण्याला पालीत ‘ओसारणा’ असे स्वतंत्र नाव आहे. आपल्या कार्यालयीन मराठीत ‘निलंबन रद्द’ एवढेच.