पाण्याखालच्या वस्तीचा कागदोपत्री माग

उन्हाळा कडक झाला आणि उजनीच्या यशवंतसागराचे पाणी फार उतरले, की इंदापूर तालुक्यातील पळसदेवचे जुने देऊळ पाण्याबाहेर डोके काढते. भीमाकाठी गाळात कोठे घरांची जोती, कोठे विहिरीचे बांधकाम दिसू लागते. देऊळ ओळखायला अडचण पडत नाही; परंतु शेतात चार घरांची जी वस्ती होती, ती नेमकी कोठे? १९८० मध्ये धरण पूर्ण झाले. त्यापूर्वीच काठावरची कुटुंबे उठून नव्या गावठाणांत, काही पुण्या-मुंबईकडे गेली. आता त्यांच्या नातवंडांजवळ ‘चिंचेचा मळा’, ‘नदीकडली वस्ती’ असे दोन-चार शब्द तेवढे उरले आहेत.

या शब्दांवरून वस्तीचा माग काढता येतो. मात्र शोध घराचा न करता शेताचा करावा लागतो. गावठाणाबाहेरच्या वस्तीला दप्तरात सहसा स्वतंत्र नाव नसे. सरकारला सारा हवा होता तो जमिनीचा. त्यामुळे घरे कोणी लिहून ठेवली नाहीत, पण शेताचा नंबर, क्षेत्र, आकार आणि हद्द यांची नोंद पिढ्यान्‌पिढ्या होत राहिली. ज्या नंबरात वस्ती होती तो नंबर हाती आला की निम्मे काम झाले.

शोधाची सुरुवात अलीकडच्या कागदापासून करून मागे जावे, हे श्रेयस्कर. बुडित क्षेत्राच्या बाबतीत असा कागद म्हणजे भूसंपादनाचा निवाडा. १८९४च्या भूसंपादन कायद्यानुसार कलम ४ची अधिसूचना, कलम ६ची घोषणा आणि कलम ११चा निवाडा असा क्रम होता. पहिल्या दोन गोष्टी शासन राजपत्रात छापल्या जात. निवाड्याचे कागद जिल्हाधिकारी व भूसंपादन अधिकारी यांच्या दप्तरात राहिले. त्यात सर्व्हे नंबर, क्षेत्र आणि हितसंबंधितांची नावे येतात. शिवाय विहिरी, फळझाडे, बांधकामे यांचे मूल्यांकन असते. जी वस्ती शंभर वर्षांत कोणी लिहून ठेवली नाही, तिचे सर्वांत तपशीलवार वर्णन ती उठविताना लिहिले गेले. चिंचेची झाडे किती आणि विहीर बांधीव की कच्ची, हे येथेच सापडण्याचा संभव अधिक.

निवाड्यातील नंबर घेऊन तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात जुने सातबारा आणि फेरफार पाहावेत. १९४७च्या कायद्याखाली गावात एकत्रीकरण योजना झाली असेल, तर सर्व्हे नंबरांचे गट झालेले असतात. तेव्हा जुन्या-नव्या नंबरांचा मेळ दाखविणारे योजनेचे पत्रक आधी मिळवावे. ते न पाहता पुढे गेलेला मनुष्य भलत्याच्याच शेतात पोहोचतो. क्षेत्राच्या बाबतीतही सावध राहावे. जुना कागद एकर-गुंठ्यांत, नवा हेक्टर-आरमध्ये. एकर म्हणजे चाळीस गुंठे, आणि जवळजवळ चाळीस आर. या योगायोगामुळे आकडा सारखा दिसून फसगत होते.

खातेदार कोण, कसणारा कोण

हक्कनोंदणीचा कायदा मुंबई इलाख्यात १९०३ साली झाला व १९१३ मध्ये तो जमीन महसूल कायद्यात समाविष्ट झाला. फेरफारांची मालिका तेव्हापासूनची. वारसाच्या फेरफारात मृताचे नाव, वारस, कधी नाते, अशी माहिती असल्याने दोन-तीन पिढ्यांची वंशावळ आपोआप उलगडते. जन्म-मृत्यूच्या नोंदींसाठी कोतवाल बुक अवश्य पाहावे.

त्याच्या मागे गेले की वाट अरुंद होते. पूर्वीच्या नोंदीत सारा भरणारा खातेदार दिसतो. प्रत्यक्ष कसणारा दिसेलच असे नाही. इंदापूर परिसरात हा फरक फार महत्त्वाचा आहे. १८६७च्या सुमारास येथे फेरआकारणी होऊन सारा वाढला, कापसाची तेजी ओसरली, आणि कर्जबाजारी शेतकऱ्यांच्या जमिनी सावकारांकडे जाऊ लागल्या. १८७५च्या मे महिन्यात सुप्याच्या बाजारात दंगा उसळला तो यातूनच. लोकांनी कर्जरोखे हिसकावून जाळले. १८७९चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा त्यानंतरचा. म्हणून एखाद्या वर्षी पूर्वजाचे नाव खात्यातून नाहीसे झाले, तर कुटुंब गाव सोडून गेले असा निष्कर्ष लगेच काढू नये. सावकाराच्या खात्यावरच्या त्याच शेतात तेच कुटुंब कूळ म्हणून राहत असणे अगदी शक्य आहे. अशा कुटुंबाचे नाव पुढे पीकपाहणीत व कूळ म्हणून उमटते. १९४८च्या कूळकायद्याखाली १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला. त्यानंतरच्या कलम ३२-ग खालील चौकशीच्या कागदांत कित्येकदा पंचाहत्तर वर्षे हरवलेले नाव पुन्हा मालक म्हणून भेटते.

साखळी आणि आणे

इंदापूर तालुक्याला मोजणीच्या इतिहासात मोठे स्थान आहे. प्रिंगलने ठरविलेले सारे १८३०च्या सुमारास येथे लागू झाले. ते इतके जबर होते की पुष्कळ जमीन पडीक पडली आणि शेतकरी परागंदा झाले. मग गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्याने आकारणी केली. १८३६ मध्ये ती तीस वर्षांसाठी लागू झाली, आणि मुंबई इलाख्याची सर्व्हे पद्धती तिच्यावरच उभी राहिली. शेतकरी परतले, काही नवेही आले. ज्या घराण्याची नोंद या काळाच्या मागे मिळत नाही, ते याच लाटेत आलेले असू शकते.

मोजणीचे कागद भूमी अभिलेख उपअधीक्षकांच्या कार्यालयात असतात. आकारबंदात नंबराचे क्षेत्र व आकार, आकारफोडीत पोटहिश्शांची विभागणी, आणि टिपणात शेताचे कच्चे रेखाचित्र व मापे. टिपणाचे माप साखळी-आण्यांत असते. साखळी तेहेतीस फुटांची, तिचे सोळा आणे. म्हणजे १२ साखळ्या ८ आणे लिहिले असेल तर ती बाजू ४१२॥ फूट. एक साखळी लांब व एक साखळी रुंद तुकडा म्हणजे एक गुंठा.

गाव नकाशात नंबरांच्या हद्दी, ओढे, रस्ते, विहिरी दिसतात. शेतातली घरे बहुधा दिसत नाहीत. ती उणीव सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने एक इंच-एक मैल नकाशे भरून काढतात. त्यांत झोपड्या, देवळे, पायवाटा, वाड्यांची नावे आहेत, पण शेतांचे नंबर नाहीत. दोन्ही नकाशे एकमेकांशी ताडून पाहावे लागतात. वीस साखळ्यांना एक इंच या प्रमाणाच्या गाव नकाशावरचे आठ इंच म्हणजे दुसऱ्यावरचा एक इंच. जुळणी नदीवरून करू नये, पात्र सरकते. देऊळ, ओढ्यांचा संगम किंवा तीन गावांच्या शिवा मिळतात तो बिंदू धरावा.

त्याहून मागचा आधार मोडी कागदांचा. पुणे पुराभिलेखागारातील पेशवे दप्तरात परगणेवार हिशेब आहेत. देशावर जुन्या काळी मूळ कुळाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जमिनीला थळ म्हणत. वंश नष्ट झाला की ती गतकुळ ठरे, पण थळाला नाव त्याच घराण्याचे राही. सर्व्हे नंबर आले आणि ही नावे दप्तरातून मागे पडली. लोकांच्या तोंडी मात्र काही टिकली. म्हणून आजीच्या तोंडचे शेताचे नाव क्षुल्लक मानू नये.

इतर विभागांत दप्तर निराळे. मराठवाड्यात १९५४च्या सुमाराचे खासरा पत्रक व त्याआधीचे उर्दू कागद, विदर्भात मालगुजारी काळातील मिसल, कोकणातील खोती गावांत बोटखत, असे आधार शोधावे लागतात. बऱ्याच जुन्या अभिलेखांच्या प्रतिमा आता संगणकावर उपलब्ध झाल्या आहेत, त्यामुळे एक-दोन हेलपाटे वाचतात. टिपण व निवाडा यांसाठी मात्र नकलेचा अर्ज करून कार्यालयात बसण्याची तयारी ठेवावी.

नंबर, नकाशा आणि टिपण हाती आले की मे महिन्यात, पाणी सर्वांत खाली असताना जागेवर जावे. गाळपेर जमीन कोणी करीत असेल तर त्याला विचारूनच पाऊल टाकावे. गाळ वरून सुकलेला दिसला तरी आत ओला असतो. बरोबर जुन्या गावात वाढलेले एखादे वयस्क माणूस असावे. घरांच्या मातीच्या भिंती पाण्यात विरघळून जातात. बांधीव विहीर टिकते. ती मिळाली की गाव नकाशावर तिचे स्थान ताडावे, टिपणातील माप धरून फीत टाकावी आणि बांधाची ओळ शोधावी. सारे करायला दिवस थोडे मिळतात. वरच्या खोऱ्यात पाऊस सुरू होऊन भीमा फुगली, की विहिरीवर पुन्हा पाणी चढते.