देहमंदिराची राखण
शास्त्रपाठ : १ करिंथ ६:१९-२०

प्रेषित पौल आपल्या देहाला पवित्र आत्म्याचे मंदिर म्हणतो. त्या मंदिराची राखण पापापासून करावी, तशी रोगापासूनही करावी. तंबाखू, गुटखा, मशेरी व दारू कर्करोगाला वाट करून देतात, ती सोडावीत.

पण हा रोग पुष्कळदा दुखण्याआधीच मूळ धरतो. आपल्या शेजारच्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वर्षांच्या सुमारे १,३१,००० स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा अभ्यास झाला. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : ज्या गटासाठी एकदाच एच.पी.व्ही. चाचणी ठेवली, त्यात या रोगाचे मृत्यू, चाचणी न ठेवलेल्या गटाच्या मानाने, जवळजवळ निम्मेच होते.

“मला काही त्रास नाही, मग तपासणी कशाला?” असे भगिनी संकोचाने म्हणतात. पण त्रास नसतो तीच तपासणीची वेळ. काहींना तो अविश्वास वाटतो; परंतु लूक स्वतः वैद्य होता (कलस्सै ४:१४). तिशी ओलांडलेल्यांनी आरोग्य केंद्रात चौकशी करावी. तोंडातील न भरणारी जखम किंवा स्तनातील गाठ लपवू नये.

वर्गासाठी प्रश्न
१. देह कोणाचा आहे?
२. तपासणीस जाणाऱ्या भगिनीला मंडळी सोबत कशी देईल?

प्रार्थना : प्रभो, तुझे मंदिर जपण्याची सुबुद्धी व धैर्य आम्हांस दे. आमेन.