घरचे बी, घरची भाकर

सज्जनहो, जेवणापूर्वी आपण पानाला हात जोडतो, अन्नाला ब्रह्म म्हणतो. पण हे ब्रह्म ताटात आले कोठून, त्याचे बी कोणी ठरविले, हे आपण विचारीत नाही. आज तेवढाच विचार करू.

पोट भरणे ही एक गोष्ट. आणि काय पेरावे, काय शिजवावे हे आपले आपण ठरविणे ही दुसरी. या दुसरीला अन्नस्वराज्य म्हणावे. ला व्हिया कांपेसिना या शेतकऱ्यांच्या जागतिक संघटनेने 1996 साली रोम येथील अन्नपरिषदेच्या वेळी हा विचार जगापुढे मांडला. पुढे 2007 साली आफ्रिकेतील माली देशात यासाठी मेळा भरला, त्याला न्येलेनी या तिथल्या लोककथेतील शेतकरीण बाईचे नाव दिले.

आपल्याकडेही अशी बाई आहे. अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाणांचे बी जपले, वाटले. शाळा नाही, पण 2020 साली पद्मश्री जाहीर झाली.

कोणी म्हणेल, "महाराज, गावरानाला उतारा कमी. कर्ज कशाने फेडू?" शंका खरी आहे. म्हणून सारे शेत बदला असे आम्ही सांगत नाही. दोन गुंठे तरी घरच्या बियाचे ठेवा. संकरित पिकाचे दाणे पुन्हा पेरले तर पीक तसेच्या तसे येत नाही. दर साली विकत घेणे आले. गावरान ज्वारीचे तसे नाही. पीक उभे असतानाच शेताच्या मधली निरोगी, भरदार कणसे निवडावी. दाणे चांगले वाळवून, राख लावून मडक्यात ठेवावे. पेरणीपूर्वी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून मोड मोजावे. कमी निघाले तर पेरताना बी जास्त घ्यावे. 2001 च्या कायद्याने शेतकऱ्याला आपले बी राखण्याचा, पेरण्याचा, शेजाऱ्याला देण्याचा हक्क दिला आहे.

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात धान्याची कोठारे उघडली, ही कथा आपण कीर्तनात ऐकतो. आपल्याजवळ कोठार नसेल, मडके तरी आहे. यंदा वारीला निघताना पडशीत मूठभर घरचे बी घ्या. दिंडीत ज्याच्याजवळ नाही त्याला द्या, त्याच्याकडचे आपण घ्या. देताना एकच सांगा: पिकल्यावर तिसऱ्याला द्यावे.

हेही अन्नदानच आहे. आणि हे एका पंगतीत संपत नाही.