शेवंतीचीं रोपें दिव्याखालून उघड्यावर नेतांना

शेवंतीनें कळी केव्हां धरावी हें रात्रीच्या लांबीवर ठरतें. दिवस लहान झाला कीं झाड फुलावर येतें, हें फ्रान्समध्यें तूर्नवा यांनीं सन १९१२ च्या सुमारास भांगेवर, व अमेरिकेंत गार्नर व अ‍ॅलर्ड यांनीं सन १९२० मध्यें तंबाखूवर दाखविलें. शेवंतीही त्याच वर्गांतली.

उन्हाळ्यांत दिव्यांची जरूर नाहीं, हा हॉलंडकडील सल्ला आपणांस लागू नाहीं. तिकडे जूनचा दिवस साडेसोळा तासांहून मोठा. पुण्याकडे तो जेमतेम सव्वातेरा तासांचा. म्हणून हरितगृहांतील विलायती जाती आपल्याकडे उन्हाळ्यांतही दिव्याविना वीतभर उंचीवरच कळी धरितात. आमच्या एका वाफ्यावर चैत्रांत आठ रात्री वीज नव्हती. तो सबंध वाफा असाच खुजा फुलला, व कलमांपुरतीं मातृझाडेंही हातचीं गेलीं.

याकरितां रात्रीं दहापासून दोनपर्यंत दिवे लावावे. अंधार सलग राहिला नाहीं म्हणजे झाडास रात्र लहानच भासते. रोप फूटभर वाढलें कीं कुंड्या दिव्याखालून काढाव्या. त्यापुढें बहुतेक जातींचें फूल आठ ते दहा आठवड्यांनीं हातीं येतें. दिवाळीचा बाजार साधावयाचा तर हा हिशेब श्रावणअखेरीस येतो, तेव्हां झडीपासून आडोसा हवाच. मात्र नवी जागा रस्त्याच्या दिव्याजवळ नसावी. त्या बाजूचीं झाडें नुसतीं वाढत राहतात, आणि आपण खताला दोष देत बसतों.