काजव्यांचा उजेड

मुलांनो, कार्टूनपट म्हटला की तुम्हांला गंमत आणि हसू आठवते. पण काही कार्टूनपट इतिहासाचे पुस्तक शेजारी ठेवून पाहावे लागतात. १९८८ साली जपानमध्ये निघालेला ‘होतारू नो हाका’ हा असाच एक चित्रपट आहे. या नावाचा अर्थ ‘काजव्यांची कबर’. ईसाओ ताकाहाता हे त्याचे दिग्दर्शक.

ही गोष्ट १९४५ सालची आहे. कोबे या बंदराच्या शहरात चौदा वर्षांचा सेईता आणि त्याची चार वर्षांची बहीण सेत्सुको राहतात. वडील आरमारात आहेत. एके दिवशी विमानांतून आगीचे बॉम्ब पडतात. शहर पेटते. आई भाजून मरण पावते. मुले एका नातेवाईक बाईंकडे राहायला जातात. आईचे किमोनो देऊन तांदूळ आणला जातो. पण हळूहळू मुलांच्या वाट्याचा भात कमी होतो आणि टोमणे वाढतात. शेवटी दोघे ते घर सोडतात. तळ्याकाठी डोंगरात खोदलेल्या एका ओसाड आसऱ्यात ती राहू लागतात.

रात्री तिथे काळोख असतो. म्हणून ती काजवे पकडून मच्छरदाणीत सोडतात. थोडा वेळ सारे उजळून जाते. सकाळी पाहतात, तर काजवे मेलेले! सेत्सुको लहानसा खड्डा करून त्यांना पुरते. पुढे तीही उपासमारीने जाते आणि काही दिवसांनी सेईताही.

आता इतिहास काय सांगतो ते पाहा. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेची बी-२९ विमाने जपानी शहरांवर बॉम्ब टाकत होती. तिथली घरे लाकडाची आणि दाटीवाटीची होती. म्हणून आग लावणारे बॉम्ब मुद्दाम वापरले गेले. ९ मार्च १९४५ च्या रात्री टोकियोवर असा हल्ला झाला. त्यात सुमारे १ लाख माणसे मरण पावली. कोबेवर १७ मार्चला आणि ५ जूनला मोठे हल्ले झाले. ६ ऑगस्टला हिरोशिमावर आणि ९ ऑगस्टला नागासाकीवर अणुबाँब पडला. १५ ऑगस्टला जपानच्या सम्राटाने शरणागती जाहीर केली. सेत्सुको मरते ती त्यानंतर. युद्ध थांबले, पण भूक थांबली नाही.

ही भूक एकट्या जपानची नव्हती. रशियातील लेनिनग्राड शहराला १९४१ ते १९४४ जर्मन सैन्याचा वेढा होता. तिथे लाखो लोक उपासमारीने गेले. आपल्या देशात १९४३ साली बंगालमध्ये दुष्काळ पडला. तिथे तर लढाईही नव्हती. तरी युद्धकाळातील महागाई आणि सरकारी धोरणे यांमुळे सुमारे ३० लाख लोक दगावले.

ही कथा केवळ कल्पनेतली नाही. मूळ कथा आकियुकी नोसाका यांनी १९६७ साली लिहिली. त्यांची धाकटी बहीण १९४५ साली उपासमारीनेच वारली होती. ताकाहाता स्वतः नऊ वर्षांचे असताना ओकायामा शहरावरील हल्ल्यातून वाचले होते.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा. चित्रपट सारेच सांगत नाही. जपानने १९३७ साली चीनवर मोठे आक्रमण केले. तिथल्या नानजिंग शहरात जपानी सैन्याने फार मोठी कत्तल केली. १९४१ साली जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. चिनी घरांतही अशीच भावंडे होती. म्हणून केवळ चित्रपट पाहून ‘जपान निर्दोष होता’ असे म्हणू नका. आणि केवळ इतिहास वाचून ‘जपानी लोकांना योग्य शिक्षा मिळाली’ असेही म्हणू नका. चार वर्षांच्या सेत्सुकोने कोणावर आक्रमण केले होते?

युद्धात होरपळलेल्या मुलांच्या मदतीसाठी १९४६ साली संयुक्त राष्ट्रांनी युनिसेफची स्थापना केली. १९४९ च्या जिनिव्हा करारात सामान्य नागरिकांच्या रक्षणाचे नियम झाले. नियम झाले, तरी युद्धांत मुले आजही मरतात. म्हणून पुस्तकात ‘१ लाख’ हा आकडा वाचाल, तेव्हा क्षणभर थांबा. त्या आकड्यात किती सेत्सुको असतील, याचा विचार करा.

शब्दार्थ : आरमार – लढाऊ जहाजांचे दल. टोमणा – मनाला लागेल असे बोलणे. वेढा – शहराला चारही बाजूंनी घेरणे. होरपळणे – आगीने किंवा दुःखाने पोळणे.

स्वाध्याय
१. जपानी शहरांवर आगीचे बॉम्ब का टाकण्यात आले?
२. ‘युद्ध थांबले, पण भूक थांबली नाही’ या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.
३. चित्रपटात न सांगितलेल्या कोणत्या गोष्टी इतिहासातून कळतात?
४. घरातील वडीलधाऱ्या माणसांना विचारून टंचाईच्या काळातील एक आठवण मराठीत लिहा.