शवासन : निजणे नव्हे, जागणे

गतवर्षी परीक्षा तोंडावर आली आणि माझी झोपच उडाली. आमच्या एका प्राध्यापकांनी शवासन सुचविले. नुसते पडून राहण्यात शिकायचे ते काय, असे मला वाटले.

परंतु थकवा घालवून चित्ताला विसावा देणारे आसन म्हणून स्वात्मारामाच्या 'हठयोगप्रदीपिके'त त्याचा उल्लेख आहे. १९६९ साली मुंबईच्या डॉ. के. के. दाते व त्यांच्या सहकाऱ्यांनी उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांवर केलेला शवासनाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतील अनेकांचा रक्तदाब उतरला होता. अर्थात, ते औषधाला पर्याय नव्हे.

कृती सोपी आहे. उताणे निजावे. पायांत थोडे अंतर, तळहात वर, डोळे मिटलेले. पावलांपासून कपाळापर्यंत एकेक अवयव सैल सोडावा. मग श्वासाच्या येण्याजाण्याकडे केवळ लक्ष द्यावे. दहा-पंधरा मिनिटे पुरेत.

पहिले आठ दिवस मी दुपारी एक तर घोरलो, नाही तर मनात पेपरच सोडविले! शरीर लवकर सैलावते. मनाला जागे ठेवून स्वस्थ करणे, हाच खरा अभ्यास. परीक्षेची चिंता गेली नाही. पण तिच्यामागे धावणे थांबले, आणि रात्रीची झोप आपणहून परतली.