ठरल्या रीतीने चालणारी कामे

उत्पादन क्षेत्रातील बरीच कामे आधी ठरलेली रीत रोज तशीच पाळण्याची असतात. यंत्रभागांची तपासणी हे त्याचे ठळक उदाहरण. ड्रॉइंगवर 25 मिलिमीटरचे एच-7 छिद्र दाखवले असेल, तर त्याचा व्यास 25.000 ते 25.021 यांच्या दरम्यानच हवा. कारखान्यातला साधा व्हर्निअर 0.02 मिलिमीटरपर्यंत वाचतो. म्हणजे सगळी सूट त्याच्या जेमतेम एका खुणेत संपते. म्हणून इथे बोअर गेज किंवा गो-नो गो गेज लागते. गो बाजू आत गेली पाहिजे, नो-गो जाता कामा नये. गेजशी वाद घालणारा कल्पक माणूस या टेबलावर उपयोगाचा नाही.

यातल्या नियमांना कारणे असतात. मशीनवरून उतरलेला गरम जॉब लगेच मापायचा नसतो, कारण मापनाचे संदर्भ तापमान 20 अंश सेल्सिअस आहे. 100 मिलिमीटर लांबीचा पोलादी भाग त्याहून 10 अंशांनी गरम असेल, तर सुमारे 0.011 मिलिमीटरने लांब भरतो. रीत पाळणे म्हणजे डोके बाजूला ठेवणे, असाही अर्थ नाही. एकापाठोपाठ 25.016, 25.013, 25.010, 25.007 अशी मापे आली, तर चारही जॉब पास होतात. पण माप एकाच दिशेने सरकते आहे आणि टूल झिजत असावे, हे नोंदवही नीट भरणाऱ्यालाच आधी दिसते. त्याने मशीन जुळवणाऱ्या सेटरला कळवले की टूलचा ऑफसेट बदलला जातो आणि रिजेक्शन टळते. वहीत रोज तेच रकाने भरताना कंटाळणाऱ्याच्या नजरेतून हे सहज निसटते.

औषध कारखान्यात शिस्त आणखी कडक. प्रत्येक बॅचची स्वतंत्र नोंद ठेवावी लागते; वजन एकाने करायचे, दुसऱ्याने पडताळून सही करायची. आकडा चुकला तर खोडरबर किंवा व्हाइटनर चालत नाही. चुकलेला आकडा वाचता येईल अशी एकच रेघ मारून शेजारी बरोबर आकडा, सही आणि तारीख टाकायची. नवी बॅच सुरू होण्यापूर्वी आधीच्या बॅचची एकही गोळी वा लेबल लाइनवर उरले नाही, याची खात्री करावी लागते. वह्या नीटनेटक्या ठेवणाऱ्या, पण ‘फारसा चुणचुणीत नाही’ म्हणून घरी काळजीचा विषय झालेल्या मुलाचा गुण इथे थेट कामी येतो.

अशा कामांकडे जाण्यासाठी दहावीनंतर आयटीआयमध्ये फिटर, टर्नर, मशिनिस्ट हे ट्रेड 2 वर्षांचे असतात. रासायनिक कारखान्यांसाठी अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लांट हा ट्रेडही 2 वर्षांचाच. पुढे 1961च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली विद्यावेतनासह अप्रेंटिसशिप करता येते. पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेशाची वाटही 2 वर्षांच्या ट्रेडनंतर खुली असते. औषधांच्या तपासणी विभागात बी.एस्सी. रसायनशास्त्र किंवा बी.फार्म. झालेल्यांना घेतात.

अडचणीही पाहून घ्याव्यात. पाळ्या बदलतात, उभ्याने काम असते, सुरुवात अनेकदा कंत्राटी नोकरीने होते. नुसते डोळ्यांनी भाग निवडण्याचे काम कॅमेरे घेत आहेत. म्हणून ड्रॉइंग वाचन, उपकरणांचे कॅलिब्रेशन आणि सीएमएम हे मापनयंत्र चालवणे पहिल्या दोन-तीन वर्षांतच शिकून घेणे हिताचे असते.